रुमालाखालची जागा

ही गोष्ट खरी आहे.

आता हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की अहमदपुरात लोक हसतात. त्यांचंही चूक नाही. देवणीचा एक वळू रेडिओवरच्या बातम्या ऐकल्याशिवाय वैरणीला तोंड लावत नाही, असं मी एकदा बसस्टँडवर सांगितलं होतं, आणि चार शहाणे तो वळू बघायला देवणीला जाऊन आले होते. पण ती गंमत होती.

ही गंमत नाही.

गाव अहमदपूर. गेल्या मे महिन्यातली शुक्रवारची दुपार. हो, दुपारच. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्याची दुपार बघितलेली नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं. झाडावर पाखरू नसतं. घरावरचा पत्रा तापून स्वतःशीच टकटक करत असतो, आणि घरात एकटा माणूस असला की त्याला आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटायला लागतो.

ज्याच्यावर हे बेतलं तो कलीम माझ्याच गल्लीत राहतो. सगळं त्यानं स्वतः मला सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून. सांगायच्या आधी जरा हसला आणि म्हणाला,

"व्यंकटकाका, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवंना. म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. तुम्ही पुढं कुणाला बोललात तरी कोण खरं मानणार?"

मीही हसलो.

तेव्हा हसलो…

कलीम ऑर्केस्ट्रात वाजवायचा. लग्न, उरूस, गणपती, पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथं बोलावतील तिथं काखेत क्यासिओ मारून हजर. पण त्याची खरी विद्या नांदेडची. दस्तगीर उस्तादांची. आणि उस्तादांकडं क्यासिओ नव्हता, खराखुरा पियानो होता. काळा, लाकडी, भिंतीला पाठ लावून उभा राहणारा. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून तो त्यांच्या उस्तादाकडं आला आणि त्यांच्याकडून ह्यांच्याकडं. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या गल्लीतली पोरं त्याला 'उभी पेटी' म्हणायची.

मोठ्या घरचं लग्न असलं की उभी पेटी टेम्पोत चढायची. आणि कार्यक्रमाच्या शेवटी उस्ताद एकच गाणं वाजवायचे.

गाण्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मोबाइलवर लावाल.

नका लावू.

एवढंच सांगतो, जुनं हिंदी गाणं आहे, काळ्या-पांढऱ्या सिनेमातलं. भरल्या पार्टीत सुटाबुटातला नायक पियानोवर बसलाय. समोर त्याची ती, दुसऱ्याच्या हातात हात घालून उभी. आणि हा हसऱ्या तोंडानं तिच्या बेवफाईचं गाणं म्हणतोय. तसली गाणी पुष्कळ आहेत. त्यातलंच एक.

तर मुखडा संपला आणि अंतरा सुरू व्हायचा असला की मधे एक जागा यायची. ती सिनेमात नाही. उस्तादांची स्वतःची. सूर वरून खाली उतरायचे आणि ते उतरत असतानाच त्याच पट्ट्यांमधून दुसरे सूर वर चढायचे. अरुंद जिन्यात एक माणूस उतरून राहिलाय, एक चढून राहिलाय, आणि दोघांचा एकमेकांना धक्का नाही. तसं. डावा हात तिकडं खालच्या पट्टीत ठेका धरून बसलेला असायचा. म्हणजे हे सगळं एकट्या उजव्या हाताचं काम.

ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. नवरीकडच्या बाया डोळ्याला पदर लावायच्या.

आणि ती जागा आली की उस्ताद उजव्या हातावर रुमाल टाकायचे.

मोठा, पांढराशुभ्र रुमाल. ह्यात विचित्र काही नाही. आपल्याकडचे जुने बँडवाले, सनईवाले असंच करायचे. नाजूक जागा आली की बोटांवर रुमाल. समोर दुसऱ्या पार्टीचा कुणी बसलेला असतो, त्यानं बोटं बघून जागा उचलू नये म्हणून. शागिर्दालाही सगळं शिकवतील, पण रुमालाखालचं शेवटी देतील. रीतच आहे ती.

लोक चेष्टा करायचे. "दस्तगीरमियाँला सहावं बोट हाय. तेच झाकून राहिला बुड्ढा."

उस्ताद हसायचे.

रुमाल मात्र काढायचे नाहीत.

कलीम मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्या दारात गेला, तो तिथलाच झाला. पेटी पुसायची, उस्तादांचे पाय दाबायचे, पान लावून द्यायचं. त्याची बायको नाझनीन टोमणा मारायची, "स्वतःच्या अब्बाला कधी पाण्याचा तांब्या दिला नाही, आणि तिकडं पाय दाबायला नांदेडला जातात!" कलीमला त्याचं काही वाटायचं नाही. कारण उस्ताद त्याला बेटा म्हणायचे.

"जाताना तुलाच देणार बेटा. माझा पोरगा तूच."

उस्तादांना पोटचा पोरगा होता. वकार. लहानपणी त्यानं एकदा पेटीचं झाकण उघडून एक पट्टी दाबली. एकच. उस्तादांनी त्याला अंगणात ओढत नेऊन असा बदडला की शेजाऱ्यांनी येऊन सोडवला. पुढं त्याला होस्टेलात टाकलं, आणि मग लातूरला मोबाइलचं दुकान काढून दिलं. पेटीच्या खोलीत पाय ठेवायची त्याला बंदी होती.

कलीमची छाती फुगायची. पोटच्याला दुकान दिलं. मला गाणं.

मागच्या वर्षी होळीच्या सुमाराला उस्ताद नांदेडच्या एका दवाखान्यात होते. सगळ्यांना कळून चुकलं होतं. दुपारी त्यांनी वकारला औषध आणायला बाहेर पाठवलं. खोलीत कलीम एकटा. उस्तादांच्या डाव्या हाताला सलाइन होती. उजव्या हातानं त्यांनी कलीमचं मनगट घट्ट धरलं आणि चादरीखाली ओढलं.

आणि…

कलीमच्या हातावर बोटं फिरायला लागली.

तीच जागा. सूर उतरत होते… आणि सूर चढत होते. गार बोटं. कलीमनं डोळे मिटून घेतले, एक-एक दाब लक्षात ठेवायला.

"घे बेटा," उस्ताद म्हणाले. "दिली… दिली तुला."

कलीम लेकरासारखा रडला. आनंदानं.

संध्याकाळी उस्ताद गेले.

चाळिसावा झाला. पाहुणे पांगले. कलीम निघायला लागला तर उस्तादांची बायको रहमतबी दारात उभी.

"पेटी ले जा कलीम. आजच ले जा."

"अम्मी, राहू द्या की काही दिवस. घराची शोभा आहे ती."

"नक्को मेरे कू. रुमाल भी ले जा."

तिनं घडी घातलेला रुमाल पुढं केला. चिमटीत धरून. त्याच्याकडं न बघता.

वकार बाजूला उभा होता. त्याचे डोळे लाल झालेले. "अब्बांनी सगळं तुम्हालाच दिलं कलीमभाई," तो म्हणाला. "मला एकदा जवळ बसवून साधा सारेगमसुद्धा शिकवला नाही." कलीमनं त्याला मिठी मारली. मनातून त्याला जरा बरंच वाटलं. माणूस आहे.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी पोचला तेव्हा कलीमनं मागं वळून बघितलं. रहमतबी बादलीनं पाणी ओतून राहिली होती. पेटी जिथं उभी होती त्या खोलीपासून उंबऱ्यापर्यंत. फरशी धुतेय बिचारी, त्याला वाटलं.

अहमदपुरात उभी पेटी उतरली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. मीही होतो. कलीमची पोरगी बुशरा, बारावीची, तिचे तर पाय जमिनीवर नव्हते. नेलपॉलिशचे ठिपके देऊन तिनं पट्ट्यांवर खुणा केल्या आणि बापाच्या शेजारी बसून एका बोटानं वाजवायला लागली. कलीम कौतुकानं बघत राहायचा.

पण ती जागा…

ती जागा काही येईना.

हातावर फिरलेला एक-एक दाब त्याला पाठ होता. पण बोटं अर्ध्यात अडकायची. उतरणारे सूर धरले की चढणारे सुटायचे. चढणारे धरले की हात जिन्यात पाय घसरल्यासारखा कोलमडायचा. बुशरानं उस्तादांच्या एका कार्यक्रमाचं मोबाइलवरचं चित्रीकरण शोधून काढलं. ते हळू करून, परत परत मागं नेऊन ऐकलं. मग भुवया चढवून म्हणाली,

"अब्बा, हे एका हाताचं न्हाई. दोन जण वाजवून राहिले."

"याडी का काय तू? एकटेच तर बसलेत उस्ताद."

"दिसतेत एकटे," बुशरा म्हणाली.

कलीमनं तिला उडवून लावलं.

एक-दोन गोष्टी तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होत्या. त्यांच्या घरातली मांजर दिवसभर बैठकीच्या उंबऱ्यावर पसरलेली असायची. पेटी आल्यापासून ती अंगणातच राहायला लागली. दुधाची वाटी आत ठेवली तर दूध तसंच राहायचं. आणि एका दुपारी नाझनीननं स्वयंपाकघरातून हाक मारली, "आता बास करा की बाजा, जेवायला या!"

उत्तर आलं ते रस्त्यावरून.

कलीम तेव्हा मशिदीतून घरी येत होता…

नाझनीनला वाटलं, बुशरा असेल. बुशरा न्हाणीत होती.

कलीमचं ह्यातल्या कशाकडंच ध्यान नव्हतं. त्याला एकच काटा टोचत होता. लग्नात लोक विचारायचे, "कलीम, उस्तादांची ती जागा होऊ दे!" आणि हा गाणं तिथंच तोडून अंतऱ्यावर उडी मारायचा. लोक एकमेकांकडं बघायचे. जागा आली तर तो उस्तादांचा पोरगा. नाही आली तर नुसता पेटी पुसणारा. त्याच्यासाठी सगळं त्यावर येऊन थांबलं होतं. आणि हळूहळू त्याला वाटायला लागलं, बुड्ढ्यानं शेवटच्या घडीला पण फसवलं. जुने उस्ताद करतात असं. मागे लागलेल्या शागिर्दाला एखादा सूर खोटा देतात.

शुक्रवार उजाडला. नाझनीन आणि बुशरा उदगीरला लग्नाला गेल्या. कलीम नमाज पढून आला, टोपी खुंटीला लावली आणि पेटीवर बसला. दार लावलेलं. लाइट गेलेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

बाहेर चिटपाखरू नाही.

त्यानं गाणं सुरू केलं. मुखडा झाला. जागा आली… हात कोलमडला.

पुन्हा. कोलमडला.

पुन्हा.

घामानं बोटं पट्ट्यांवरून घसरायला लागली. त्यानं चिडून पेटीपुढच्या बाकड्याचं झाकण उघडलं. आत तो रुमाल होता. आणल्यापासून त्याला हात लावला नव्हता. घरात कुणापासून काय झाकायचं? बोटं पुसायला त्यानं तो उचलला, आणि काय मनात आलं कोण जाणे, उस्ताद टाकायचे तसा उजव्या हातावर टाकला.

गार होता रुमाल. मे महिन्यात. माठाला गुंडाळलेल्या फडक्यासारखा.

त्यानं मुखडा वाजवला.

जागा आली…

आणि आली!

सूर उतरले. सूर चढले. एक डाग नाही. अगदी उस्तादांसारखी. त्यानं परत वाजवली. परत आली. त्याला ओरडावंसं वाटलं, माफी मागावीशी वाटली. उस्ताद, तुम्ही दिली होती हो, मीच करंटा, मीच शंका घेतली! डोळ्यांतून धारा लागल्या. समोरच्या पट्ट्या दिसेनात. त्यानं हातानं डोळे पुसले.

उजव्या हातानं.

आणि…

जागा चालूच होती.

कलीमचा हात डोळ्यावर होता. समोर रुमाल होता. रुमालाखाली पेरं वर-खाली होत होती. खालच्या पट्ट्या दबत होत्या, सुटत होत्या. आता फक्त चढणारे सूर येत होते. जिन्यातला एकच माणूस.

वर येणारा.

कलीम म्हणतो, त्याला पळता आलं नाही. ओरडता आलं नाही. त्याचा डावा हात तर ठेका देतच राहिला, सवयीनं. शेवटचा सूर वाजला. रुमाल थांबला. आणि मग तो हळूच… त्याच्याकडं वळला. माणूस हात उताणा करून पुढं करतो ना, दे म्हणून… तसा.

कलीमनं रुमालाचं टोक धरून ओढलं.

खाली काहीच नव्हतं.

फक्त एक पट्टी दबलेली होती. बुशरानं लाल ठिपका दिलेली. ती सावकाश वर आली.

तेव्हा त्याला दवाखाना आठवला. उस्तादांच्या डाव्या हाताला सलाइन होती, तो चादरीवर होता. उजव्या हातानं त्यांनी मनगट धरलं होतं. शेवटपर्यंत घट्ट धरलं होतं.

मग चादरीखाली ती बोटं कुणाची होती?

दुसऱ्याच दिवशी त्यानं नांदेडची एसटी धरली. रहमतबी ओसरीत लसूण सोलत बसली होती. त्याचं तोंड बघूनच तिनं सूप बाजूला सारलं.

"रुमाल टाकला तू."

"अम्मी, काय हाय ते?"

"ठाऊक नाही. त्यांना पण ठाऊक नव्हतं. त्यांच्या उस्तादानं त्यांना दिलं. असंच, हात धरून. कुणाचा हात हाय, काय मागतो, कधी कळलं नाही." तिनं बोटांची टरफलं झटकली. "एवढंच कळलं की कुणाला तरी द्यावा लागतो. दिला नाही तर घरातलं लेकरू धरतो. वकारनं पट्टी दाबली होती ना एकदा… रात्रभर त्याची बोटं चालत होती. झोपेत. अंथरुणावर."

कलीम जे बोलायला आला नव्हता तेच त्याच्या तोंडून निघालं.

"मला बेटा म्हणायचे ते."

रहमतबीनं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, लाज पण नव्हती. थकलेली होती म्हातारी.

"बेटा म्हणायला काय लागतं रे, कलीम?" ती म्हणाली. "मेरा एकीच बेटा है."

तो उठला. चहा येत होता, तो घेतला नाही. एसटीत खिडकीशी बसून सगळी वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. लावलेली पानं. दाबलेले पाय. वकारच्या पाठीवरचे वळ. त्यानं त्या वळांवर किती वेळा मनातल्या मनात खुशी मानली होती! तो मार म्हणजे माया होती. आणि माया म्हणून जे मिळालं ते… बकऱ्याला खाऊ घालतात तसं होतं.

एवढं सगळं कलीमनं माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. मी विचारलं, "मग पेटी विकून टाक. जाळून टाक."

"पेटीत न्हाई काका ते," तो म्हणाला.

आणि त्यानं उजवा हात खिशात घातला.

मला वाटलं होतं, गडी आता गाणं सोडेल. पण लोकांनी सोडायला पाहिजे ना? पुढच्याच लग्नात त्यानं रुमाल टाकला आणि ती जागा वाजवली. लातूरपासून नांदेडपर्यंत बोभाटा झाला. कलीम उस्ताद! दस्तगीरमियाँची गादी चालवतो! आता लोक त्यालाही म्हणतात, सहावं बोट हाय.

तोही हसतो.

दिवाळीच्या सुमाराला मी त्याच्या दारावरून चाललो होतो. आतून किंकाळी आली. बघतो तर कलीमनं बुशराला दंडाला धरून अंगणात ओढत आणलेलं. थोबाडीत मारून राहिला होता, आणि स्वतःच रडून राहिला होता. पोरीनं पेटीचं झाकण उघडलं होतं, एवढंच. आठवड्याभरात तिला हैदराबादला मावशीकडं धाडली. शिकायला.

आणि नव्या वर्षात त्यानं दारावर पाटी लावली. पियानो शिकवला जाईल.

पहिल्या दिवशी जे नाव लागलं ते समीक्षाचं.

समीक्षा माझी नात.

मी सुनेला सगळं सांगितलं. आरती भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं आणि हसून तव्यावरची भाकर उलटली. "मामा, तुमचा तो बातम्या ऐकणारा वळू कुठवर आला?" पोरगा तर म्हणाला, "कलीमभाईसारखा माणूस शिकवून राहिला, एक रुपया घेईना, आणि तुम्ही त्याला भूत चिकटवता?" गल्लीत दोघा-तिघांना बोललो. त्यांनी टाळ्या दिल्या. एकानं तर सांगितलं, काका, ही लई भारी जमली!

मग मी कलीमकडंच गेलो.

दुपारची वेळ. तो बैठकीत एकटा होता. पेटीचं झाकण बंद. त्यानं मला बसायला सांगितलं आणि चहा ओतला.

डाव्या हातानं.

उजवा हात मांडीवर होता. त्यावर रुमाल.

"कलीम," मी म्हणालो, "माझी नात सोड."

"काका, तुमची नात ती माझीच पोरगी." त्याचा आवाज मऊ होता. "लई गुणाची हाय. बोटं लांब हायत तिची."

"तुला कसं वाटलं होतं रे, एसटीत? विसरला? मलाच सांगितलं होतंस ना तू?"

डोळे भरून आले त्याचे. खोटे नव्हते ते अश्रू, हे मी शपथेवर सांगतो.

"तुम्हालाच सांगितलं, काका," तो म्हणाला. "कोण खरं मानणार? म्हणून तर तुम्हाला सांगितलं."

मी बशी खाली ठेवली.

"मला बुशरा एकच हाय हो."

त्याचा हात मांडीवर स्थिर होता. मी नीट बघितलं. मनगट स्थिर होतं, कोपर स्थिर होतं.

रुमाल हलत होता…

मी समीक्षाला कोंडून ठेवू शकत नाही. तिला काही झालेलं नाही. खाते, पिते, कॉलेजला जाते. सर कसे छान शिकवतात ते सांगते. मुखडा आला म्हणते, अंतरापण जवळजवळ आला. मधली एक जागा तेवढी राहिली आहे, ती सर शेवटी देणार आहेत.

बोललेलं कुणी मानत नाही म्हणून हे लिहून राहिलो. तुम्ही मला ओळखत नाही. माझा वळू तुम्ही बघितलेला नाही. तुम्ही तरी मानाल.

काल ती क्लासवरून आली. उन्हानं तोंड लाल झालेलं. चपला भिरकावून माझ्या शेजारी ओट्यावर बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आबा, एक गंमत सांगू? सर कुणालाच म्हणत नाहीत, पण आज मला म्हणाले…"

"काय म्हणाले?"

"बेटा म्हणाले."